सहा आठवड्यांत नडगी कशी मोडावी

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात बसल्या जागी मान मिळतो. तो पहाटे साडेचारला उठतो हे त्याची आई शेजारीपाजारी सांगते, सोयाबीन काढायच्या दिवसांत त्याला अर्धी सूट मिळते, आणि सोयरिकीच्या बोलण्यात ‘पोराचं भरतीचं चालू हाय’ हे वाक्य निदान तीन वर्षं खपतं. मात्र या मानातही पायऱ्या आहेत. नुसता पळणारा खालच्या पायरीवर. नडगीला क्रेप बँडेज गुंडाळून पारावर बसलेला, उठताना ‘आई गं’ म्हणणारा, ‘ग्राउंडच्या तोंडावर पाय गेला, नाहीतर झालंच होतं’ असं सांगणारा सगळ्यात वर. त्याला मार्क कोणी विचारत नाही.

त्या वरच्या पायरीवर लवकर कसं पोचावं, याची माहिती एका जागी मिळत नाही. पोरं आपापल्या अकलेने पाय मोडून घेतात आणि त्यात उगाच वेळ जातो. म्हणून ही रीत लिहून ठेवतो आहे. मी यातला अनुभवी आहे. आमच्या वेळी ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, 5 किलोमीटर पळावं लागे. दोनदा फॉर्म भरला, दोन्ही वेळा डावी नडगी ग्राउंडच्या आधी गेली, आणि आता मी खताच्या दुकानात हिशेब लिहितो.

साहित्य फारसं लागत नाही. बुटांचा एक जोड: थोरल्या भावाचा, टाच एका बाजूने झिजलेली, चालेल, नसेल तर कोरा करकरीत, ग्राउंडच्या दोन दिवस आधी हिंगोलीहून आणलेला. स्वतःच्या मापाचा आणि पायात रुळलेला जोड घेऊ नये, त्याने काम बिघडतं. एक डांबरी रस्ता, मध्ये उंच आणि कडेला उतरता. त्यावर रोज एकाच कडेने पळायचं, म्हणजे एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. स्टॉपवॉच असलेला मोबाइल. आणि गेली तीन वर्षं पळणारा एक दोस्त, ज्याच्या बरोबरीने पहिल्याच दिवशी पळता येईल.

सगळ्यात मोलाचं साहित्य सरकार फुकट पुरवतं. ते म्हणजे जाहिरात. ती येणार येणार म्हणता वर्ष निघून जातं. या काळात चुकूनही पळू नये. पारावर बसून जागा किती निघणार, वयात सूट मिळणार का, ग्राउंड आधी की पेपर आधी, यावर बोलावं. मग एक दिवस जाहिरात येते, फॉर्म भरायला नेटकॅफेवर रांग लागते, आणि ज्याला वर्ष मिळालं होतं त्याच्या हातात चाळीस-पन्नास दिवस उरतात. 2024 साली 17,471 जागांसाठी 17 लाख 76 हजार अर्ज आले होते आणि ग्राउंड सुरू झालं 19 जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर. एका जागेमागे शंभर जण. या आकड्याने ज्याच्या पोटात गोळा येतो आणि जो दुसऱ्याच दिवशी पहाटे सुसाट सुटतो, तो आपला आदर्श विद्यार्थी.

आता कृती.

पहिल्या दिवशी पूर्ण 1600 मीटर काढायचं, तेही जीव खाऊन. पोरांसाठी 1600 मीटरला 20 गुण आहेत आणि पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंद. म्हणजे 400 मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, अशा चार. पहिल्या दिवशी ते जमत नाही, सात मिनिटं लागतात, ओकारी होते. हरकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज परीक्षा द्यायची, अभ्यास एकही दिवस करायचा नाही, हे सूत्र.

जरा हिशेब करू, तो माझा धंदाच आहे. पळताना मिनिटाला अंदाजे 180 पावलं पडतात, म्हणजे सव्वापाच मिनिटांत नऊशेच्या वर. प्रत्येक पाऊल टेकताना अंगाच्या वजनाच्या अडीच ते तीन पट जोर त्या पायावर येतो. पोरगं 60 किलोचं धरा. सोयाबीनचे जवळजवळ तीन कट्टे, एका पायावर, साडेचारशे वेळा. हमालसुद्धा कट्टा उचलायच्या आधी कंबरेचा शेला आवळतो, भरतीचं पोरगं तेवढंही करत नाही.

दोन-तीन आठवड्यांत एक गोष्ट घडते जिच्यावर ही सगळी पद्धत उभी आहे: दम वाढतो. छाती भरत नाही, ओकारी थांबते, वेळ सातवरून सहावर येते. दम आला म्हणजे पाय तयार झाला, असं इथे ठाम समजायचं. अकॅडमीतले सर सांगतात, दोस्त सांगतो, स्टॉपवॉचही तेच सांगतो. फक्त हाडाला हे कोणी कळवलेलं नसतं.

हाडात काय चालतं ते सेनगाव तालुक्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण त्याने रस्त्याची कामं पाहिली आहेत. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर तिथे दुरुस्ती काढतं. आधी जुना भाग उकरणाऱ्या पेशी येतात. त्या चपळ, तीन आठवड्यांत खोदून मोकळ्या होतात. मागून भराव घालणाऱ्या पेशी येतात आणि त्यांना तीन महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगीचं हाड कसं असतं? रस्ता उकरून ठेवला आहे, खडी कडेला पडली आहे, ठेकेदार गावाला गेला आहे. नेमक्या त्याच वेळी दम आल्यामुळे पोरं सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पळायला लागतात. उकरलेल्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली न्यायची ती हीच वेळ. पद्धत इतकी खात्रीची आहे की तिला फार जुना इतिहास आहे. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने नोंदवून ठेवलं की कवायतीच्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात. कारण त्याला दिसलं नव्हतं. एक्स-रेचा शोध लागल्यावर, 1897 साली, तशा पायांत बारीक चिरा दिसल्या. आपली पोरं अकॅडमीची फी भरून जे मिळवतात ते प्रशियाच्या राजाने फुकट वाटलं होतं.

स्ट्रेचिंगबद्दल नवशिक्यांच्या मनात फार गोंधळ असतो, म्हणून थोडं विस्ताराने. थंडीतल्या पहाटे, अंग गोठलेलं असताना, गोल करून बसायचं. पाय पसरून अंगठे धरायचे. हात पोचत नसतील तर दोस्ताने पाठीवर गुडघा देऊन दाबायचं. एकेक ताण मिनिट-दीड मिनिट धरून ठेवायचा आणि लगेच उठून 100 मीटरची स्प्रिंट मारायची. याचा फायदा असा, की बराच वेळ ताणून धरलेला स्नायू त्यानंतर काही काळ थोडा ढिला पडतो आणि जोर कमी देतो. सेकंदाचा काही अंश तिथेच गळतो. आणि एवढं ताणून पाय वाचतो का? ऑस्ट्रेलियाच्या लष्करात 1,538 नव्या जवानांवर हे पाहून झालं आहे, निकाल 2000 साली छापून आला. निम्म्यांनी कवायतीआधी पायाचे स्नायू ताणले, निम्म्यांनी नाही, बारा आठवडे. दुखापती दोन्हीकडे सारख्याच. त्यामुळे गोल करून बसणाऱ्यांनी निर्धास्त राहावं, त्यांच्या नडगीला त्यापासून कसलंही संरक्षण मिळत नाही.

इथे कोणी शहाणा म्हणेल, मग आधी पाच मिनिटं हळू पळावं, गुडघे उंच उचलत चालावं, टाचा ढुंगणाला लावत पळावं, पाय लंबकासारखे झुलवावेत, दोन-तीन वाढत्या वेगाच्या धावा घ्याव्यात आणि ताणून धरायचं ते सगळं संपल्यावर, अंग गरम असताना करावं. अशा माणसापासून दूर राहा. त्याचं ऐकलं तर अंग आतून गरम होतं, सांधे मोकळे होतात आणि वेळ सुधारते.

अंग मोकळं करायची आणखी एक रीत म्हणजे सूर्यनमस्कार. औंधच्या संस्थानिकांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, त्याचा गावोगाव प्रसार केला. (औंध साताऱ्याकडचं. आपल्या औंढा नागनाथाशी संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण आमच्या एका सरांनी वर्गात उलट सांगितलं होतं.) नमस्कार हळू घातले तर पाठ, मांडीची मागची बाजू, पिंढरी सगळं ओघात सुटतं. म्हणून ते घालायचेच असतील तर मोजून घालावेत, दोन मिनिटांत पंचवीस, हिसके देत, शेजारच्यापेक्षा एक जास्त.

आता टाळावयाच्या गोष्टी. यातली एक जरी नेमाने केली तरी सहा आठवडे वाया जातील आणि पाय धडधाकट राहील, म्हणून नीट वाचा.

ओसरीची पायरी धोक्याची आहे. तिच्या काठावर चवड्यांवर उभं राहून टाचा वर उचलायच्या आणि सावकाश, तीन मोजेपर्यंत, पायरीच्या खाली न्यायच्या. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. पिंढरी आणि घोट्यामागची शीर त्याने कणखर होते, आणि कणखर पिंढरी पळतानाचा झटका स्वतः पिते, हाडावर ढकलत नाही. याचा मोठा पुरावा एका फसलेल्या कटातून मिळाला. स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर होकान अल्फ्रेडसन यांना पळण्याची हौस होती आणि टाचेमागची शीर कायम दुखे. ऑपरेशन करा म्हणाले, तर वरिष्ठांनी नकार दिला: एवढ्यासाठी सुट्टी नाही. अल्फ्रेडसन चिडले. शीर तुटली की ऑपरेशन करावंच लागेल, या हिशेबाने ते रोज दुखऱ्या पायावर भार टाकून टाच खाली सोडत राहिले. शीर तुटली नाही, बरी झाली. 1998 साली त्यांनी पंधरा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला: पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोन वेळा, बारा आठवडे. एवढा शिकलेला माणूस, ठरवून स्वतःची शीर तोडू शकला नाही. आपण न ठरवता तोडतो.

मांडीच्या मागचा स्नायू 100 मीटरच्या वेळी फाटतो, ऐन साठ-सत्तर मीटरवर, आणि पोरगं गोळी लागल्यासारखं मांडी धरून बसतं. हे हवं असेल तर पुढचा व्यायाम करू नये: गुडघे टेकून ताठ बसायचं, दोस्ताने मागून घोटे दाबून धरायचे आणि कंबर न मोडता जमेल तितकं हळू तोंडावर पडायचं, शेवटी हातांवर. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वेळा पडलं तरी पुष्कळ. फुटबॉल खेळणाऱ्यांत या पडण्याने ती दुखापत निम्म्यावर आली. आमच्या पोरांना मी हे दाखवलं तेव्हा सगळे हसले आणि एकाने व्हिडिओ काढला.

विश्रांतीचा दिवस ठेवू नये. सलग तीन-चार आठवडे वाढवल्यावर एक आठवडा हलका घेणारे, आठवड्यातून एक-दोनदाच जोरात आणि बाकीचे दिवस बोलता बोलता पळता येईल अशा वेगाने पळणारे, पहिले पंधरा दिवस मिनिटभर पळून मिनिटभर चालणारे, असे लोक ग्राउंडपर्यंत दोन्ही पायांवर पोचतात. झोपही कमी ठेवावी. रात्री बारापर्यंत मोबाइलवर भरतीचे प्रेरणादायी व्हिडिओ पाहून पहाटे साडेचारला उठणं उत्तम.

गोळ्याबद्दल एवढंच, की 7.26 किलोचा गोळा खांद्याच्या जोराने फेकावा. पाय आणि कंबर यांचा उपयोग करून घेतला तर खांदा शाबूत राहतो.

पोरींसाठी वेगळी रीत आहे आणि ती घरोघर चालते. त्यांना 800 मीटर पळायचं असतं. आईबरोबर निंदायला जाऊन आलेली, सकाळचा चहा आणि दुपारची अर्धी भाकरी खाल्लेली पोरगी संध्याकाळी पळवावी. अंग हलकं झालं की वेळ सुधारते म्हणून ती अर्धी भाकरीही कमी करावी. दोन-तीन महिन्यांत पाळी बंद झाली तर ‘बरं झालं, सरावाला खाडा नाही’ असं म्हणून गप्प बसावं. पोटात पुरेसं न गेल्याने शरीराने पाळी थांबवलेली असते आणि त्याच काटकसरीत हाडाचा भरावही थांबवलेला असतो. या रीतीत हाड मोडायला फार पळावंही लागत नाही. हा परिच्छेद लिहिताना मला मस्करीचा सूर सापडत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

उपचार. नडगी दुखू लागली की पहिले आठ दिवस कोणाला सांगू नये. मग तेल लावून जोरात रगडून घ्यावी, ‘शीर मोकळी’ होईपर्यंत. कंबरेत उसण भरली असेल तर गावात पायाळू शोधावा. उपजताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने लाथ मारली की उसण पळते, असं माझी आजी सांगे. आता दवाखान्यातल्या बाळंतपणात बाळ आडवं-उलटं दिसलं की सिझर होतं, त्यामुळे पायाळू दुर्मिळ झाले आहेत आणि ही शाखा बंद पडत चालली आहे. त्यानंतर तालुक्याला जाऊन सुई घ्यावी. सुईने दुखणं थांबतं, चीर थांबत नाही. दुखणंच नाही म्हटल्यावर पोरगं दुसऱ्या दिवशी दुप्पट पळतं. ग्राउंडच्या दिवशी उपाशीपोटी, पाणी न पिता, दुखण्यावरची डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन उन्हात उभं राहिलं तर मूत्रपिंडालाही भरतीत भाग घेतल्याचं समाधान मिळतं. 2014च्या जूनमध्ये मुंबईच्या ग्राउंडवर 5 किलोमीटरच्या धावेने काही पोरं जिवानिशी गेली. त्यानंतर ते अंतर कमी झालं. मी ज्या अंतराने हरलो ते अंतर आता कोणाला पळावं लागत नाही.

फिजिओथेरपिस्टकडे जावंच लागलं तर फक्त मशीनचा शेक घ्यावा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचं शिक्षण 1953 साली सुरू झालं. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातलं ‘लाईट लावणे’ तेवढं उरलं. फिजिओथेरपिस्ट बाई कागदावर चार व्यायाम काढून देतात, तो कागद बसमध्ये वारा घ्यायला उपयोगी पडतो. माझ्या भाच्याने मला रस्त्यात विचारलं, ‘मामा, व्यायाम करायचा होता तर डॉक्टरकडं काहून गेलो?’ प्रश्न बिनतोड होता.

हा भाचा मी गेल्या पोळ्यापासून पाहतो आहे. खांदमळणीच्या संध्याकाळी त्याचा बाप, म्हणजे माझे दाजी, बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळत होते. घरचीच हळद, नऊ महिने जमिनीत राहिलेली. चोळता चोळता बोटं एका जागी थांबली, तिथे त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, बैलाने कातडी थरथरवली. ‘या अंगाला जू घासतंय,’ म्हणाले, आणि चार दिवस त्या बैलाला औताला धरलं नाही. नवा गोऱ्हा होता तेव्हा त्यांनी त्याला आधी नुसतं जू मानेवर देऊन फिरवलं होतं, मग रिकामी गाडी, मग वखराची हलकी पाळी. नांगराला त्याला पुढच्या साली जुंपलं. आखाड्यातही नव्या पोराला आधी फावडं देऊन माती उकरायला लावत, कुस्ती नंतर. हे सगळं दाजींना ठाऊक आहे. भाचा त्याच ओसरीवर पाय पसरून बसला होता, नडगीला बँडेज. दाजी त्याला म्हणाले, ‘बसून काय ऱ्हायला, पळून ये की.’

मी त्याची पट्टी सोडली आणि नडगीच्या आतल्या कडेवरून एक बोट दाबत खाली आणलं. ही शेवटची कृती तुम्हीही करू शकता. लांब पट्ट्यात, चार-पाच बोटं भरून दुखत असेल आणि पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर पळणं निम्म्यावर आणा आणि ओसरीची पायरी धरा. एका बोटाखाली, एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर एक उडी मारवत नसेल, तर उद्या पहाटे उठू नका. हाडांच्या डॉक्टरकडे जा. एक्स-रे चांगला आला म्हणून पळायला जाऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे तो बहुतेक वेळा चांगलाच येतो.